गालावरची खूण

“दादा, तुम्ही बाहेरच बसा. आत गर्दी कशाला?” सुनदोक म्हणाली.

“हा गाल मी शोधून काढलाय. मी नाही तर कोण येणार आत?” ग्वांगशिक काठी टेकत तिच्या आधी डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

“मामाला कोण अडवणार, आई!” मिरान हसली.

सुनदोक खुर्चीत टेकली. लेकीशी वर्षभर वाद घालून ती दमली होती. उजव्या गालावरचा काळपट उंचवटा खाजायचा, वाढायचा. तरी ती दाखवायचं टाळत आली होती. कोरियाच्या युद्धात हरवलेली माणसं शोधायला तीसेक वर्षांनी सोलच्या टीव्ही केंद्रासमोर लोक पाट्या घेऊन उभे राहिले, त्या उन्हाळ्यात ग्वांगशिकच्या पाटीवर होतं : ‘बहीण, तेव्हा पाच वर्षांची, गालावर तीळ.’ अनाथालयात वाढलेली सुनदोक त्या पाटीपुढे थांबली. तिचा चेहरा ओंजळीत धरून तो भर रस्त्यात रडला होता. तेव्हापासून दर शरदात पितरांच्या पानापुढे दोघं शेजारी शेजारी वाकत.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून निरखून पाहिलं. “घाबरू नका, कॅन्सर नाही. मेणाचा थेंब चिकटवल्यासारखं दिसतं, पण निरुपद्रवी आहे. खाजवू नका, घरचे लेप लावू नका. रक्त आलं, रंग बदलला तर लगेच या. नकोच असेल तर गोठवून काढू.”

“आईचा जन्मापासूनचा तीळ आहे तो. कसा काढायचा?” मिरान म्हणाली.

“छे, हा तीळ नव्हेच. हे वयाबरोबर येतं, तिशीनंतर. लहानपणी नसतं.”

सुनदोकने मान वर केली नाही. ग्वांगशिकने कानातलं यंत्र चाचपलं.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही मामा. राहू दे म्हणाल्या.”

“मग चला. भूक लागलीय.”

कोपऱ्यावरच्या दुकानात गरम शेवयांचे वाडगे आले. मिरान हात धुवायला गेली. सुनदोकने काड्या उचलल्या नाहीत.

“दादा, ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“मला ठाऊक होतं. त्या दिवशीसुद्धा. मी...”

“जेव आधी. निवतंय.” त्याने आपल्या वाडग्यातले शिंपले वेचून तिच्या वाडग्यात टाकले, नेहमीसारखे.

“दादा...”

“येडे,” तो म्हणाला, “तिचा तीळ डाव्या गालावर होता.”