मोहाला टांगलेला फोन

"जिवाभाऊ, ओटीपी सांगा," जव्हारचा कॉम्प्युटरवाला म्हणाला. जिवाने खिसा चाचपला. फोन नव्हता. त्याच्या वांगणी पाड्यात रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाजवळ. अख्खा पाडा तिथेच पिशवीत घालून फोन टांगतो, तसा त्याचाही टांगलेलाच राहिला होता. लायसनची मुदत आज संपत होती. संध्याकाळपर्यंत रिन्यूची पावती दाखवली नाही, तर आश्रमशाळेची जीप उद्यापासून दुसराच कोणी चालवणार होता.

त्याने दुकानातल्या फोनवरून आपलाच नंबर पुन्हा पुन्हा लावला. कोणी उचलेना. शेवटी त्याने जीप गावाकडे पिटाळली. घाटात समोरून शेजारचा तुषार मोटरसायकलवर हॉर्न मारत, हात हलवत गेला, पण थांबून गप्पा मारायला जिवाला कुठली सवड!

ऊन उतरता उतरता तो धापा टाकत टेकडी चढला. मोहाखाली त्याची बायको राही उभी होती. फांदीवर त्याची पिशवी नव्हती.

"फोन सारखा वाजत होता. मला तो उचलता येईना. म्हटलं, तुमचं तिकडं अडलं असंल. तुषारच्या हाती जव्हारलाच धाडला," राही म्हणाली.

मग तिनेच विचारलं, "वाटंत भेटला नाही का तो?"