पातूरची खोली

"त्या खोलीत मी परत नाही जात, मॅडम," तुबा म्हणाली, आणि आरतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पिंगळा घुबडांचा अभ्यास करणाऱ्या या अमरावतीच्या गटात आरती पहिली मुलगी. पातूरकडच्या शेतांतली घरटी तिने चार वर्षं एकटीने हुडकली होती. कापसात काही उरेना म्हणून तिथले शेतकरी खुशालराव शेतावरची खोली भाड्याने द्यायला तयार झाले, तीही तिनेच मिळवली. आणि ही अकोल्याची तुबा आली परवा. आयत्या बिळावर नागोबा!

तरी सगळे लाड तिचेच. रोजे लागले तशा फिरतीच्या वेळा बदलल्या. बैठकीत जो सगळ्यांत नवा त्याने आधी बोलायचं, असा गटप्रमुख ललिता मॅडमनी नियमच केला. आरती नवी होती तेव्हा असले नियम कुठे गेले होते कोण जाणे.

"खुशालराव रात्री दार ठोठावतात," तुबा पुढे म्हणाली. "पाणी पायजे का, म्हणतात. मी बोलली नाही तरी जात नाहीत."

"खोली बंद," ललिता मॅडम म्हणाल्या. "दुसरी जागा मिळेपर्यंत पातूरला कुणीच जाणार नाही."

हंगाम बुडाला तर आरतीचा प्रबंध वर्षभर मागे पडणार होता. पण तिचा जळफळाट त्याचा नव्हता. या पोरीने तोंड उघडलं आणि मॅडमनी लगेच ऐकलं, हे तिला बघवेना.

"चार वर्षं मी राह्यली तिथं. एकटी!" ती फणकारली. "मले नाही काही झालं. हिलेच काहून होऊन राहिलं?"

मॅडम घुटमळल्या. ती खोली आरतीइतकी कुणाला ठाऊक? तुबाच्या आधी तिथे दुसरं कुणी राहिलंच नव्हतं.

तुबा आरतीकडे वळली. "मी भेवून पलंग ओढला, ताई. दाराले लावला. सकाळी पाह्यलं, तर फरशीवर घासल्याच्या खुणा. थेट दारापर्यंत. एका रात्रीत तेवढ्या खोल नाही पडत."

आरती काहीतरी खोचक बोलायला गेली. त्याऐवजी तिने ओढणीने डोळे पुसले, तेही कुणाची पर्वा न करता.

"बंदच करा ती खोली, मॅडम," ती म्हणाली. "मी रोज ओढत होती पलंग. मले तुमी कधी विचारलंच नाही."