पांढऱ्याचं रक्त

पांढऱ्याचं रक्त थांबेना.

जखम तरी केवढी? पंखाखाली नखाएवढी चीर. एरवी असल्या चिरेवर पांढऱ्याने समोरच्याला लोळवून वर आरवूनही दाखवलं असतं. आज मात्र सिलाय गावच्या कोंबडझुंजीच्या रिंगणातली वाळू लाल होत गेली. तो दोनदा झेपावला, तिसऱ्यांदा पाय मुडपून खाली बसला आणि बसल्या जागीच त्याने मान टाकली. लोकांना ओरडायचंही सुचलं नाही.

अनसेल्मोला सुचलं.

"विष! पात्याला विष लावलंय या हरामखोराने!"

हरामखोर म्हणजे बास्तियन. समोरच्या कोंबड्याच्या पायाला पातं त्याने बांधलं होतं. अनसेल्मोचाही धंदा तोच, आणि मेलेला पांढरा त्याच्या स्वतःच्या अंगणात वाढलेला. पातं बांधणाऱ्यावर विषाचा आळ घेणं म्हणजे त्याला गावातून उठवणंच.

"जीभ आवर, पारे," बास्तियन जुन्या दोस्ताला म्हणाला. "उभा जन्म तुझ्यासमोर बांधतोय मी."

"बांधतोस? हा! तुझ्यापेक्षा माझी बायको बरी गाठ मारेल!" अनसेल्मो त्याच्या पायाशी थुंकला. मग छाती धरून बाकावर बसला, कारण थुंकण्याएवढ्या श्रमानेही त्याला धाप लागत असे.

त्याचं हृदय ताल सोडून चालायचं. पिशवीत कोंबलेल्या कोंबडीसारखी छातीत फडफड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पात्याचा दोरा आवळताना बोटं थरथरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, झोपेचं इंजेक्शन देऊन छातीला विजेचा झटका देऊ, हृदय ताळ्यावर येईल. पण त्याआधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायची. एकही चुकवायची नाही. आत गुठळी झालेली असली, तर झटक्यानंतर ती सुटून थेट मेंदूत जाते. मग माणूस गेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धा राहिला.

"कालची पोर," अनसेल्मो बाहेर पडताच म्हणाला, "मला रक्त शिकवते!"

त्याच्या लेखी सगळेच असे. डॉक्टरीण कालची पोर, दवाखान्यातले बाकीचे म्हातारे रडतोंडे, मेहुणा बुळचट, आणि फेलिसा, म्हणजे बायको, तर बोलूनचालून बायकोच. ती रोज सकाळी गुलाबी गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात ठेवायची. तो गोळी तोंडात टाकायचा, घोट घ्यायचा आणि केळं उचलून कोंबड्यांना चारायला अंगणात निघून जायचा. तेवढं एक तरी तो ऐकतो म्हणून फेलिसा देवाचे आभार मानायची. भोळी बिचारी.

पहिल्याच आठवड्यात पातं बांधताना त्याचा अंगठा कापला आणि रक्ताने टॉवेल भिजला. "नोंग सेल्मो, डुक्कर कापलंत की काय?" म्हणून त्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणणारी पोरंटोरंसुद्धा हसली. तो घरी आला तो काळाठिक्कर पडून. पुढे पुन्हा एकदा अंगठा कापला, तेव्हा मात्र रक्त लगेच थांबलं. मग काय विचारता! तो अंगठा त्याने रिंगणभर मिरवला. "बघा! हे असलं रक्त आहे माझं. गोळ्या काय वाकवणार मला?" फेलिसालाही बरं वाटलं होतं.

पांढरा मेला त्या रविवारी संध्याकाळी घरात शेजारी जमले होते आणि अनसेल्मो विषाची कथा तिखटमीठ लावून सांगत होता. फाटकाशी बास्तियन येऊन उभा राहिला. हे दोघे आता एकमेकांचा जीव घेणार, असंच फेलिसाला वाटलं. ती धावत बाहेर गेली.

"भांडायला नाही आलो, मनांग," तो थोरल्या बहिणीशी बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या पातेल्यात जातो, ही रिंगणाची रीतच. "जिंकलेल्या कोंबड्याच्या मालकाने पांढरा मला दिला. रस्सा करायचा म्हणून साफ करायला घेतला, गळ्यातली दाण्याची पिशवी चिरली. त्यात हे निघालं. चार लोकांत दाखवू शकलो असतो. पण तो मला जे म्हणाला, ते मला त्याला म्हणायचं नाही."

त्याने केळीच्या पानाची पुडी तिच्या हातात ठेवली आणि गेला. फेलिसाने ती चुलीच्या उजेडात उघडून पाहिली. मग तिने ती पुन्हा नीट बांधून ठेवली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता, "असल्या माणसाच्या तोंडावर थुंकायला हवं होतं!"

तीन आठवडे पुरे झाले, आणि सोमवारी सकाळी बाकोलोदच्या दवाखान्यात अनसेल्मो उघड्या छातीने खाटेवर पडला होता. नर्स चिकटपट्ट्या लावत होती. डॉक्टरीण जवळ आली आणि वडिलांना हाक मारावी तशी म्हणाली,

"तातय, एखादी गोळी चुकली का हो? चुकली असेल तर आज झटका द्यायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

अनसेल्मोचा अंगठा चादरीखाली मुठीत गेला. पण खरं बोलायचं, तर या पोरीपुढे मान खाली घालावी लागणार होती, आणि उद्या बास्तियनपुढे. त्यापेक्षा त्याला मरण परवडत होतं.

"एकही नाही," तो छताकडे बघत म्हणाला. "मी काय लहान मूल आहे?"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि नर्सने इंजेक्शन उचललं.

"थांबा."

फेलिसा पुढे आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरून जपून आणलेली ती पुडी तिने त्याच्या उघड्या छातीवर उलगडली. केळ्याचा वाळलेला लगदा, दोन-चार मक्याचे दाणे, आणि त्यात अर्धवट विरघळलेली एक गुलाबी गोळी.

"एकही चुकली नाही, हे खरंय, डॉक्टर," ती म्हणाली. "पण ज्याने खाल्ल्या, तो काल रिंगणात मेला."