खुर्चीतली साक्ष

"आज सुई नको," धाकटा म्हणाला आणि त्याने शर्टाची बाही खाली ओढली.

ताईने ती परत वर सारली. "का? तुझ्या परदेशी पाळकाने फोन केला वाटतं?"

"तसं नाही गं. पण सुई घेतली म्हणजे आजार मान्य केला. ते म्हणतात, तोंडाने आजाराचं नावच काढायचं नाही. जो खरा बरा होतो, तो 'मी आजारी होतो' असंसुद्धा म्हणत नाही. मला काही झालंच नव्हतं, म्हणतो."

"वा! म्हणजे भिंत पडली तर म्हणायचं, खिडकी मोठी झाली!" ताईने सुई टोचली. "हलू नकोस, गाढवा."

धाकट्याला साखरेचा आजार लहानपणापासूनचा. मागच्या वर्षी अशाच एका सभेच्या नादात त्याने सुया चुकवल्या आणि अंथरुणात बेशुद्ध सापडला. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या वेळी हाक मारून उठेलच असं समजू नका. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ताई पहाऱ्याला. तिचं औषधांचं दुकान होतं. काउंटरमागे उभं राहून राहून उजवा गुडघा कामातून गेला होता. लंगडत चालायची आणि उठता-बसता "आई गं" म्हणायची.

दोघं जन्माने ख्रिस्तीच. ताई दर रविवारी जुन्या देवळात शेवटच्या बाकावर बसायची, म्हाताऱ्या पाळकांच्या रटाळ प्रवचनात पेंगायची आणि तरी तिला बरं वाटायचं. ही नवी संजीवन-चळवळ मात्र तिच्या डोक्यात जायची. समुद्रापलीकडे कुठल्याशा मोटारींच्या गोदामात चार गिटारवाल्यांनी ती सुरू केली म्हणे. आता देशोदेशी तोच तंबू, तेच ढोल, तेच पांढरेशुभ्र दात. पत्रकावर फक्त खालची भाषा बदलायची.

"सर्कशीतले बरे," ताई म्हणायची. "ते निदान दोरीवर खरंच चालतात."

या तंबूवाल्यांची युक्ती तिला शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितली होती. दारात कोणी लंगडत आलं, दमलेलं दिसलं, की स्वयंसेवक गोड बोलून चाकांच्या खुर्चीत बसवतात. "बसा मावशी, फार आत आहे." मग तीच खुर्ची थेट मंचावर. पाळक ओरडतो, "ऊठ!" बसस्टॉपपासून चालत आलेली बाई उठते. झाला चमत्कार!

"तुम्ही बोलला का नाहीत?" ताईने विचारलं होतं.

"एवढ्या लोकांत कसं बोलणार हो?"

मी बोलेन, ताईने तेव्हाच ठरवलं.

"आज सभेला मीही येते," ती धाकट्याला म्हणाली. त्याचा चेहरा असा फुलला की तिला क्षणभर वाईट वाटलं. "पण एक कबूल कर. तिथे डोळ्यांना जे दिसेल, ते मान्य करायचं."

"केलं कबूल. अगदी शपथेवर."

तंबूच्या दारात सगळं ठरल्यासारखं घडलं. ताईचं लंगडणं पाहून कोट घातलेला एक जण खुर्ची ढकलत धावला. "बसा मावशी, फार आत आहे." ताई निमूट बसली. धाकटा पुढच्या रांगेत जाऊन बसला. ढोल वाजले, माणसं रडली, पडली, लोळली. मग खुर्ची मंचावर गेली. पाळक त्याच्या भाषेत गरजला, दुभाष्या तिच्या भाषेत किंचाळला, "ऊठ, बाई!"

ताई उठली ती थेट दुभाष्याच्या हातातला माइक हिसकावून.

"मला काही झालंच नव्हतं!" ती ओरडली. "ऐका सगळे! माझे पाय ठणठणीत आहेत! हे बघा!"

आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताठ, तरातरा चालून दाखवू लागली. गुडघ्याने जीव घेतला, पण तिने दात आवळले. "मी माझ्या पायांनी चालत आले..." एवढ्यात ढोल सुरू झाले आणि कोणीतरी माइक काढून घेतला. पण सगळा तंबू उठून उभा राहिला होता, आरडाओरडा करत होता. पेटले लोक, ताईला वाटलं. आता बघ म्हणावं मजा. पाळकाकडे ढुंकूनही न बघता ती पायऱ्या उतरली.

खाली धाकटा ढसाढसा रडत होता.

"ताई, तू आज माझे डोळे उघडलेस."

"कळलं ना आता?"

"कळलं. आता मनात शंकाच नाही."

ताईने पदराने त्याचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "एवढं थोराड झालास, तरी मला नाटकं करायला लावतोस मेल्या."

दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. पण आता लंगडलं तर तंबूवाले म्हणणार, बाई खरीच लंगडी होती, मंचावर खोटं बोलली. म्हणून ताई दात आवळून सरळ चालू लागली. "आई गं" गिळू लागली, घरातसुद्धा.

धाकट्याच्या मागे मात्र ती लागली नाही. चाळिशीचा माणूस, डोळे उघडलेत, किती दिवस बाळासारखं टोचायचं? "तुझं तू बघशील ना रे?" तिने विचारलं.

"बघेन की. तू निश्चिंत राहा." तो हसला. कितीतरी वर्षांनी ताईला गाढ झोप लागली.

तिसऱ्या सकाळी तिने चहा टाकला आणि हाक मारली. पुन्हा मारली. खोलीत गेली तर धाकटा धापा टाकत होता, ओठ कोरडे पडले होते. ती फ्रिजकडे धावली. जुनी संपली म्हणून सभेच्या रात्री तिने आणलेल्या औषधाच्या नव्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"अरे, सुई का नाही घेतलीस?" तिने त्याला गदागदा हलवलं. "बोल ना रे!"

त्याने कसेबसे डोळे उघडले. तिच्या सरळ पायांकडे पाहून तो आनंदाने हसला.

"मी पाहिलं ना ताई, तुझा गुडघा कसा बरा झाला ते," तो पुटपुटला. "मलाही... काही झालंच नव्हतं."