सासूबाईंचे गुडघे

कोरियात, देगू शहरातल्या घरी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची वेळ आली, की सासूबाईंचे गुडघे धरायचे आणि टोपल्या भरभरून कोबी एकट्या हेरीमच्या गळ्यात पडायचा. यंदा तो महिना तोंडावर असतानाच नवरा दोघींना बीजिंगला फिरायला घेऊन आला, तर बागेत शिरल्या शिरल्या सासूबाई बाकावर टेकल्या.

"तुम्ही या जाऊन. माझे गुडघे आता नुसते शोभेला."

"यंदाही किमचीचं तूच बघ हं," नवरा हेरीमला हळूच म्हणाला.

तळ्याला फेरी मारून दोघं परत येतात तर बाक रिकामा! नवरा घाबरून फाटकाकडे पळाला. हेरीम गाण्याच्या आवाजामागे गेली. तिथे आसपासच्या बायका रांगा करून नाचत होत्या आणि पहिल्याच रांगेत, कुणाचा तरी लाल पंखा नाचवत, सासूबाई उकिडव्या बसून टुणकन उठत होत्या.

हेरीमने मोबाइल काढून सावकाश व्हिडिओ घेतला. सासूबाईंनी पाहिलं. गिरकी घेतच त्या जवळ आल्या.



"त्याला बोलावू नकोस गं. यंदाचा सगळा कोबी माझ्याकडे. फक्त एवढं गाणं संपू दे."