रायभान बोलले

विद्यापीठाच्या कला विभागात रंग-कुंचल्यांच्या जागी संगणक आले, आणि यंदा तर जुन्या फोटोला बोलतं करायलाही शिकवू लागले. धावडा गावच्या शालूने परीक्षेसाठी आपल्या वारलेल्या वडिलांना, रायभानना, फोटो आणि मोबाइलमधल्या जुन्या आवाजावरून पडद्यावर बोलतं केलं. प्रदर्शनात ते हसून म्हणाले, “शालू, खूप शिक पोरी!” साऱ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

आई, सखूबाई, तेवढी टाळ्या न वाजवता पडद्याकडे बघत उभी होती. शालू तिच्याजवळ गेली. “आई, बराबर न्हाई झालं का?”

“बिलकुल बराबर झालं. त्यांचाच आवाज.” मग सखूबाईंनी हळूच विचारलं, “तू सांगशील ते बोलतेत का हे?”

“हो, काहीबी.”



“मंग एकडाव म्हनाय लाव, ‘सखू, तुला मारत होतो, चुकलं माझं.’”