सातव्या प्रश्नाचं उत्तर

पाचवीतल्या प्रणालीनं सराव पेपरात सातव्या प्रश्नाचे चारही गोल पुन्हा कोरेच ठेवले होते. सीमा मॅडमनी पेपर तिच्यापुढे सरकवला. याच प्रश्नांची चाचणी उद्यावर आली होती आणि पाचवीत पोरं जेमतेम अकरा. एकाचं चुकलं तरी शाळेचा टक्का घसरणार.

“पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता? समुद्र, गटार, विहीर, डबकं. यात अवघड काय आहे गं?”

“आपल्या विहिरीचं कोनी पेत नाही मॅडम. खारं हाय. बकरीबी तोंड फिरवते.”

“तुझ्या गावची विहीर विचारली का त्यांनी? ‘विहीर’ लिही. दहा वेळा.”

जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या या तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात प्रणालीचं काही खोटं नव्हतं. दिवाळीआधी मॅडमनीच पोरांकडून विहिरीचं पाणी ताटल्यांत वाळवून घेतलं होतं. तळाशी राहिलेला मिठाचा पांढरा थर पाहून वर्ग हरखला होता. मग सहामाहीत शाळेचा निकाल आसपासच्या शाळांत शेवटचा लागला. केंद्रप्रमुख उत्तमराव म्हणाले, “पुन्हा असं झालं तर नोटीस.” त्या दिवसापासून परिसर अभ्यासाच्या तासाला नुसते गोल काळे होत होते. ताटल्या कपाटावर धूळ खात पडल्या. मॅडमना त्यांच्याकडे बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव स्वतः आले. मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागांतला, गोड्या पाण्याचा माणूस. पेपर झाल्या झाल्या उत्तरसूची घेऊन तपासायला बसले.

“वा! सातवा तर सगळ्यांचा बरोबर. टळली म्हणा तुमची नोटीस.” त्यांनी गळ्यावरचा घाम पुसला. “पोरी, पानी आन बरं.”

पिण्याच्या पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. माठ कोरडा होता. प्रणालीनं मॅडमकडे पाहिलं, पण मॅडमची नजर गुणांवरून हटत नव्हती. प्रणाली पेला घेऊन बाहेर गेली.

उत्तमरावांनी तिनं आणलेल्या पेल्यातून मोठा घोट घेतला आणि दारात जाऊन थुंकला. “कुठलं पानी आहे हे?”

“विहिरीचं.”

“हे पेते का कोनी? कोनं शिकवलं तुले?”

प्रणालीनं मॅडमकडे पाहिलं नाही, नावही घेतलं नाही. मॅडमच उठल्या. नोटीस डोळ्यांपुढे दिसत होती.

“मी शिकवलं, सर. सातव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे ते.”